मान वळवलेला माणूस

बुडालेल्या लाँचमधून वाचलेल्यांचा तो जुना फोटो संग्रहालयात भिंतीएवढा मोठा करून लावला होता. धक्क्यावर ओळीने बसलेली, गावकऱ्यांनी दिलेल्या घोंगड्या पांघरलेली माणसं. नातवंडा-पतवंडांच्या चेहऱ्यांवरून यंत्राने प्रत्येकाला ओळखलं होतं. एकच जण राहिला होता. फोटो काढताना नेमकी त्याने मान वळवली होती आणि त्याचा कानच तेवढा दिसत होता.

म्हणून संग्रहालयाच्या मृण्मयी कीरने त्या दिवशी धक्क्यावर हजर असलेल्या नव्वदीच्या यमुनाबाई मायनाकांना बोलावलं आणि त्यांच्या कपाळावर आठवण वाचणारी पट्टी बांधली.

यमुनाबाईंनी त्या कानाकडे पाहिलं मात्र, पडद्यावर शब्द उमटला : अहो.

"आजी, नाव आठवा ना त्यांचं."

त्यांनी डोळे मिटून घेतले. पडद्यावर पुन्हा अहो.

"तोंडाने नका घेऊ. नुसतं मनात आणा."

"मनातसुद्धा कधी घेतलं नाही गो," यमुनाबाई पदर सावरत म्हणाल्या.

"मग भिंतीवर 'अनोळखी' असं लागेल," म्हणत मृण्मयीने तो शब्द पुसायला बोट पुढे केलं.

यमुनाबाई फोटोकडेच बघत होत्या. "त्या दिवशी धक्क्यावर ही गर्दी. मी नवी नवरी, कोण पुढे जाऊ देतंय? घोंगड्यांत सगळे पाठीमागून सारखेच दिसत होते. आहेत की गेले, तेच कळेना. शेवटी लाज सोडली आणि चारचौघांत मोठ्याने हाक मारली. तेवढ्यात फोटोवाल्याने बटण दाबलं."

मृण्मयीने बोट मागे घेतलं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर, सगळ्या नावांच्या ओळीत, त्या कानाखाली तोच शब्द लागला.