खिडकीजवळचं टेबल

नागपुरातल्या त्या महागड्या सुशी रेस्टॉरंटात खिडकीजवळचं टेबल फक्त परदेशी पाहुण्यांना मिळतं. काचेतून गोरा माणूस दिसला की गिऱ्हाईक वाढतं म्हणे. रुपराव दारात दिसताच मॅनेजरने वाकून "वेलकम सर" केलं, दोन्ही हातांनी त्यांचा हात दाबला आणि तिथंच नेऊन बसवलं. मागून आलेल्या सावळ्या पियुषला मात्र अडवलं. "ड्रायव्हरने खाली थांबायचं."

"काहून गा, माह्या पोराले खाली काहून धाडून राहिला?" रुपराव कडाडले.

मॅनेजर दचकला. "तुम्ही फॉरेनर नाही?"

"उमरेडचा आहो. कोडानं सारं अंग पांढरं झालं."

मॅनेजरने खिशातून सॅनिटायझर काढलं आणि दोन्ही हात खसाखसा चोळू लागला.

रुपराव म्हणाले, "राहू दे गा. कोड लागलंच, त तू बी फॉरेनर होशीन."