ऐंशी मायक्रॉन

काचपट्टीवरचा पोलादी कण ऐंशी मायक्रॉन लांब होता आणि त्याच्या कडा ताज्या, चकचकीत होत्या. गेल्या आठवड्यातला सर्वांत मोठा कण चाळीसचा होता, त्याआधीचा वीसचा.

प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासणाऱ्या आयलीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. पट्टीवरचं तेल कॅनडातल्या सडबरीच्या खाणीत माणसं उतरवणाऱ्या लिफ्टच्या गिअरबॉक्समधलं. पण लिफ्ट महिनाभर बंद होती. फिरतच नव्हती, तर झिजत काय होतं?

“बंद यंत्र झोपेत दात खातंय म्हणतेस?” खाणीचा व्यवस्थापक रेआल हसला. “दोन आठवडे अहवालात ‘लक्ष ठेवा’ लिहून सुटलीस. आता लिफ्ट सुरू करायला सही कर बाई, चाळीस जण डबे घेऊन खोळंबलेत.”

प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद ठेवायची प्रयोगशाळेची रीत होती. आयलीने कपाटातून पहिल्या आठवड्याची, वीसचा कण निघालेली बाटली काढली, शाबूत सील तोडलं, त्यातल्या तेलाची नवी पट्टी तपासली आणि रेआलला खुर्ची दिली.

त्याने वाकून भिंगातल्या मोजपट्टीवर कण मोजला.

“हासुद्धा ऐंशीचा,” तो पुटपुटला. “अगं, बाटलीत कसा वाढेल? अहवालात कारण काय लिहिशील?”

“कारण मला माहीत नाही,” आयली म्हणाली. “पण मी सही करणार नाही. त्या लिफ्टने कोणीही खाली जाणार नाही.”