शिकवणाऱ्याची सही

"तुमचे उड्डाणाचे तास शून्य धरलेत," वैमानिकाच्या नोकरीसाठी मुलाखत घेणारे कॅप्टन दाभाडे म्हणाले.

हर्षदा लोंढेच्या अंगाचा तिळपापड झाला. धुळ्याला आडव्या वाऱ्याशी झुंजत तिने दोनशे दहा तास विमान उडवलं होतं.

"मग उडवत कोण होतं, सर?"

"विमानातला यंत्रमेंदू. नव्या कायद्याने तोच वैमानिक. तुम्ही प्रवासी."

"प्रवासी? अहो, पहिल्या दिवशी तो धावपट्टी सोडून बाजरीत शिरत होता! माझे हात बघून बघून शिकला तो."

"छान शिकवलंत. आता आमच्या दीडशे प्रवाशांना तोच नेणार. त्याच्या परवान्यासाठी एवढी सही तेवढी करा."

त्यांनी कागद आणि उघडं पेन पुढे सरकवलं. शिकाऊ वैमानिकाच्या तासांखाली शिकवणाऱ्याची सही नसेल तर ते तास बाद होतात, हा जुना नियम अजून कुणी बदलला नव्हता. कागदावर यंत्राचे दोनशे दहा तास होते आणि शिक्षक म्हणून चक्क तिचं नाव.

हर्षदाने पेनाला टोपण लावलं.

"प्रवाशाची सही कशी चालेल, सर?" ती म्हणाली आणि उठली.