तोडायची बैठक

"काही झालं तर मी आहे, असं लिहून दिलंय तुम्ही. आता काहीतरी झालंय," असं म्हणून बँकेचे धीरज साहेब किसनरावांपुढे किसनरावांचीच सही ठेवून मोकळे झाले.

सही सात वर्षांपूर्वीची. मोहिनी आणि सचिनच्या गृहकर्जाखाली, जामीनदार म्हणून. त्यांचं लग्नही किसनरावांनीच जुळवलेलं. अशी एकतीस लग्नं जुळवली त्यांनी. प्रत्येक बैठकीत मुलीचा बाप विचारायचा, "काही झालं तर?" किसनराव छातीवर हात ठेवायचे. "मी आहे ना!"

एकतीस वेळा तोंडी. एकदाच लेखी.

"पण साहेब, घटस्फोटात कोर्टानं हप्ते सचिनले भराले सांगतले ना?"

"कोर्टानं त्यांना एकमेकांपासून सोडवलं, काका. बँकेपासून नाही. तीन महिने झाले, दोघंही भरत नाहीत. म्हणून तुमची ठेव अडवली."

ती ठेव म्हणजे देवकाबाईंचे गुडघे. ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. आणि नवरा कुणाला जामीन राहिलाय, हे देवकाबाईंना सात वर्षांत कळलेलं नव्हतं.

किसनराव एसटीने दोन्हीकडे जाऊन आले.

मुलीकडचे (पिपरी मेघे, तोच फ्लॅट): "कोर्टाचा कागद वाचा, काका. त्यानं भराचं हाय."

मुलाकडचे (समुद्रपूर, भाड्याची खोली): "फ्लॅटमंदी कोण राह्यते? थे. मंग मी काऊन भरू?"

बँकेकडचे: वर आलंच आहे.

मध्यस्थाकडचे: गुडघे, नग दोन.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगून टाकलं. दुसरा मार्गच उरला नव्हता. देवकाबाई आता भांडं फेकतील म्हणून ते दाराजवळच उभे राहिले. त्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. चोळत राहिल्या.

"जुळवाले बैठक घेतली होती ना?"

"हो."

"मंग तोडाले काऊन नाई घेतली?"

रविवारी किसनरावांच्या घरी बैठक भरली. तीच सतरंजी, तेच पोहे, वर तीच तर्री. एका बाजूला मोहिनी, सेवाग्रामच्या दवाखान्यातून ड्यूटी संपवून गणवेशातच आलेली. समोर सचिन. नऊ वर्षांपूर्वी ते पहिल्यांदा इथंच समोरासमोर बसले होते. या वेळी कोणी लाजलं नाही.

किसनरावांनी वही उघडून यादी केली. फ्लॅट मोहिनीचा, पुढचे सगळे हप्तेही तिचेच. थकलेले तीन सचिनने भरायचे आणि हक्क सोडायचा. दहा मिनिटं लागली.

मग कूलर निघाला. दीड तास.

"माह्या बाबानं देला हाय तो!"

"मोटर मी बदलली त्याची! गेल्याच उन्हाळ्यात!"

"मंग मोटर घेऊन जाय ना! टप राहू दे!"

तसंच लिहिलं. टप वधूकडे, मोटर वराकडे. किसनरावांनी सुपारी फोडली, आणि का कोण जाणे, दोघंही हसले. लग्नानंतर पहिल्यांदा असावं.

पुढच्या आठवड्यात बँकेत सह्या झाल्या. सचिनचं नाव कर्जावरून निघालं. कूलरच्या मोटरसाठी तो तिथूनच पिपरीकडे गेला. मोहिनीच्या पगाराची पावती पाहून धीरज साहेब म्हणाले, "मॅडमना जामीनदाराची गरज नाही." ठेव मोकळी झाली. किसनरावांना हलकं वाटलं. थोडं वाईटही वाटलं.

"आता जुळवाजुळव बंद," ते मोहिनीला म्हणाले. "बत्तिसावं लग्न नाई."

"काका, तुम्ही जरा थांबा," साहेब म्हणाले. मोहिनी गेल्यावर त्यांनी केबिनचं दार लावलं. खणातून घडी घातलेला कागद काढला. किसनराव आठवू लागले. आणखी कुठं सही केली होती आपण?

सही नव्हती. फोटो होता. खाली उंची, शिक्षण, पगार.

"माझंही पाहा ना कुठं," साहेब खालच्या आवाजात म्हणाले. "मध्यस्थ पुष्कळ आहेत हो. पण लेखी देणारा तुमच्याशिवाय पाहिला नाही."

किसनरावांनी चष्मा लावला. कागद वरून खाली वाचला, मग खालून वर. पगारावर बोट ठेवून दोनदा मान हलवली. मग खुर्चीत मागे रेलले, अगदी साहेब रेलायचे तसे.

"सगळं बराबर हाय, साहेब. पण काही झालं तर?"