मेंढ्यांची कात्री

शुक्रवारी मशिदीतून परतताना गावकरी वीस वर्षं माझ्या कुंपणापाशी थांबून गांजा बघायचे. यंदा ते शेजारच्या अल्लालकडे वळले. तेतुआन शहरातलं शिवणकाम सोडून आलेला नवशिका, आणि त्याची झाडं माझ्या झाडांहून हातभर उंच. माझ्या पोटात दुखू लागलं. "काका, ही मोठी पानं ठेवू की काढू?" त्यानं विचारलं. पानं गेली की झाड उपाशी राहतं, हे मला ठाऊक. "सगळी काढ. फुलांना ऊन लागेल," म्हणत मी मेंढ्या कातरायची कात्रीही दिली. गुरुवारी बाजारातून आलो, तर अल्लाल माझ्याच अंगणात घाम पुसत उभा. "तुमचे गुडघे दुखतात, म्हणून आधी तुमची उरकली. एक पान ठेवलं नाही." "आणि तुझी?" "बायको म्हणाली, काकांची कशी फुलतात बघू, मग आपली." शुक्रवारी मशिदीतून परतताना सगळे पुन्हा माझ्याच कुंपणापाशी थांबले.