बटणावर काय लिहायचं

"‘संपर्क साधा’ असं घरात कोण कोणाला म्हणतं?" आईने मोबाइल डोळ्यांपासून लांब धरत विचारलं.

"आई, ते बटण आहे. बटणावर असंच लिहितात."

"म्हणूनच कोणी दाबत नाही."

मुलाला हे मान्य करावंच लागलं; कोणी खरंच दाबत नव्हतं. डोंगरावरच्या एका इस्पितळाला नर्स हव्या होत्या. समाजमाध्यमांवरच्या जाहिराती जोरात चालल्या होत्या. लोक जाहिरातीवर बोट ठेवून त्याने बनवलेल्या वेबपानापर्यंत येत आणि फॉर्म न भरता परत जात, दुकानात शिरून नुसता पंख्याचा वारा खाऊन जावं तसे. या आठवड्यात नोंदणी वाढली नाही तर इस्पितळ त्याच्या कंपनीकडून काम काढून घेणार होतं. मग साहेब त्यालाही घरी बसवणार होते. तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणून तो आईला विचारत होता. आई मोठ्या सिस्टर म्हणून निवृत्त झाली होती. तिच्या वॉर्डात डॉक्टरसुद्धा पाय न वाजवता चालत. सूनही तिने त्याच वॉर्डातल्या नर्सांमधून पसंत केली होती. "याने काय निवडलीय? मी निवडली," असं ती येईल त्याला ऐकवायची. सून आता खिडकीशी बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालत होती, कोपरे काटकोनात दुमडून. तिचा मोबाइल बाळापुढे गाणी म्हणत होता.

"मग काय लिहू?"

"‘येते’ लिही."

"नुसतं ‘येते’?"

"घराबाहेर पडताना बाई दुसरं काय म्हणते? जाते म्हटलं की सगळे अडवायला उठतात. येते म्हटलं की कोणी मान वर करून बघत नाही."

त्याला हसू आलं, पण त्याने लिहून घेतलं. आई खाली सरकत गेली.

"आणि हे एवढे रकाने? वय, सलग सेवा, पतीचं नाव... पेशंटची शीर शोधायला नवऱ्याचं नाव लागतं का रे?"

खिडकीशी सून फिस्सकन हसली.

"इस्पितळाला माहिती लागते, आई."

"ती फोनवर विचारतील. तू आडनाव घे, नंबर घे, बास. आणि मधे खंड पडला असला तरी चालेल, असं ठळक लिही. हात काही विसरत नाहीत. घरी कधी सोडतात?"

"पंधरवडा तिथे, पंधरवडा घरी."

"हे कुठे लिहिलंयस?"

"तळाशी आहे."

"तळाशी पुरलंस? शहाण्या, पहिलं वाक्य ते पाहिजे. राहायला खोली आहे ना? आतून कडी आहे?"

"तू काय बॅग भरायला घेतलीस की काय?"

"घेतली तर अडवणार आहेस?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नवं पान पाहिलं. "‘येते’? हे पान आहे की शेजारीण? त्यापेक्षा उलटं पळणारं घड्याळ लाव. शेवटच्या तीन जागा, असं लिही."

"जागा पुष्कळ आहेत, साहेब."

"मला माहीत आहे."

"मग मी लिहिणार नाही. तुमचं घड्याळवालं पान निम्म्या लोकांना दाखवू, माझं निम्म्यांना. कोणाला कुठलं, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं यंत्र ठरवेल. आणि पुरेशी माणसं येऊन जाईपर्यंत मधेच डोकावून निकाल लावायचा नाही."

"हरलास तर?"

"तर मीच येतो म्हणेन."

आठवडाअखेर घड्याळ पळून पळून दमलं होतं. ‘येते’वाल्या पानावर साहेबांच्या पानाच्या कितीतरी पट नोंदी झाल्या होत्या. साहेब "बरं आहे" म्हणाले. त्यांच्या तोंडून हे म्हणजे हारतुरेच.

खोट्या नोंदी गाळायला त्याने यादी उघडली आणि एका ओळीवर थबकला. आडनाव त्याचंच होतं. नंबर आईचा.

तो तसाच घरी आला. आई बाळाला मांडीवर घेऊन बाटलीने दूध पाजत होती. आतल्या खोलीतून इस्त्रीचा वास येत होता.

"आई, ही नोंद काय आहे?"

"आली का तुझ्याकडे? नीट झालीय ना?"

"अगं, विचारायचं तरी आधी!"

"कोणाला? तू नोकरी धरलीस तेव्हा कोणाला विचारलं होतंस?"

"माझी गोष्ट वेगळी. इथे बाळाचं कोण बघणार?"

"घरात माणसं आहेत. बाळाला बाप म्हणूनही एक आहे, असं ऐकून आहे मी."

"आणि ते डोंगर चढणं? इतक्या वर्षांनी पुन्हा रात्रपाळ्या? लोक काय म्हणतील, घरात काय कमी पडलं म्हणून?"

"खंड पडला तरी चालेल, हे तूच लिहिलंस ना? का ते फक्त दुसऱ्यांच्या घरातल्या बायकांसाठी?"

"ते काही नाही. मी यादीतून नाव काढून टाकतो," तो म्हणाला.

"हात लावून बघ."

आईने आवाज जराही चढवला नव्हता. वॉर्डातही ती कधी चढवत नसे.

टेबलावर आईचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता. त्याने हात पुढे केला, पण बाळाला सांभाळूनही आईचा हात आधी पोचला.

"हो... हो, बरोबर. इस्पितळातून ना? थांबा हं एक मिनिट."

तिने फोन त्याच्या खांद्यावरून आतल्या दाराकडे धरला.

"ये गं बाहेर. बाळ आहे माझ्याकडे. तुझा फोन आलाय."