दोनवरची लाल खूण

समजा, तुमच्या हातात गिटार आहे. विजेवरची, रॉकच्या कार्यक्रमात असते तशी. तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नसतो. शेजारी एक खोका ठेवलेला असतो, त्याला अ‍ॅम्प म्हणतात, त्यातून तो बाहेर येतो. आता समजा, तुम्ही स्टेजवर उभे राहून जीव तोडून वाजवताय आणि समोर बसलेल्यांना फक्त तुमची बोटं हलताना दिसतायत. कसं वाटेल?

चौदा वर्षांच्या संघमित्राला मागच्या महिन्यात मुलुंडच्या कार्यक्रमात तसंच वाटलं होतं. घरचा लहानसा अ‍ॅम्प ती घेऊन गेली होती. ड्रम सुरू झाले आणि तिची गिटार त्याखाली बुडून गेली. बँडमधल्या मुलांनी नंतर सांगितलं, की येत्या रविवारी तू ऐकू आली नाहीस तर आम्ही दुसरं कुणीतरी बघू. म्हणून आज ती वडिलांबरोबर, कुंडलिकबरोबर, अंधेरीच्या वाद्यांच्या दुकानात आली होती.

देवव्रत नावाच्या तरुण दुकानदाराने दोन अ‍ॅम्प पुढे ओढले. एक लहान, एका हाताने उचलता येईल असा. दुसरा चांगलाच जड, आत काचेचे वाल्व्ह असलेला, जुन्या रेडिओत असायचे तसे. स्टेज डोळ्यांसमोर ठेवून निवड, असं त्याने तिला सांगितलं.

संघमित्राने आधी लहानावर वाजवलं. आवाज गोड आला. मग मोठ्यावर वाजवलं. त्यातून सपाट, आळसावलेला आवाज आला. दोन्ही तिने पुन्हा एकदा ताडून पाहिले आणि लहानावर हात ठेवला.

"पप्पा, हा."

कुंडलिकला त्यातलं काही कळत नव्हतं. हलका आहे, रिक्षात मावेल, एवढंच तो म्हणाला.

देवव्रतला ते पटलं नाही. तो म्हणाला, की खोलीत बसून वाजवायला हा झकास आहे, पण ड्रमशेजारी पुन्हा मुलुंडच होईल. वाल्व्हचा अ‍ॅम्प आवाज चढवल्याशिवाय जागाच होत नाही. चढव. संघमित्राने बटण केसभर फिरवलं. अजून, तो म्हणाला. तिचा हात तिथेच राहिला. बटणावर दहापर्यंत आकडे होते. ते दोनवर होतं.

"काका, ही गिटार वाजवतेय की कुणाला झोपवतेय?" देवव्रतने हसत विचारलं.

संघमित्राही हसली. कुंडलिक हसला नाही. तो तिच्या बोटांकडे बघत होता. तिने बटणाकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, तरी बोटं बरोबर दोनपाशी थांबली होती.

दोनपाशी थांबायची सवय तिला त्यानेच लावली होती. तो रात्रपाळी करून सकाळी घरी यायचा आणि दुपारभर झोपायचा. दिंडोशीला घर एका खोलीचं. संघमित्राच्या अ‍ॅम्पवर दोनच्या आकड्यापाशी त्याने तिच्या आईच्या नेलपॉलिशने लाल ठिपका काढून दिला होता. याच्या पुढे न्यायचं नाही. तीन वर्षांत त्याची झोप एकदाही मोडली नव्हती. पोरगी किती समजूतदार आहे, हे तो कामावर सगळ्यांना सांगायचा. मुलुंडला स्टेजवरही बटण त्या ठिपक्यापाशीच असणार, हे आत्ता त्याच्या लक्षात आलं.

"ने ना गं पुढे," तो म्हणाला.

"राहू दे पप्पा. एवढं पुरे."

"इथे कोण झोपलंय?"

तिने बटणावरून हात काढून घेतला. मग कुंडलिकने वाकून स्वतःच बटण धरलं आणि फिरवलं. तीन, चार, सहा. अजून कुणी तारेला हात लावला नव्हता, तरी मोठ्या अ‍ॅम्पमधून घरघर यायला लागली. संघमित्राने घाईने तारांवर तळहात दाबला.

"मुलुंडला मी मागच्या रांगेत बसलो होतो," कुंडलिक म्हणाला. "छान वाजवलंस म्हणालो ना तुला? मला काही ऐकूच आलं नव्हतं, पोरी. आता वाजव."

संघमित्राने त्याच्याकडे पाहिलं. मग गिटार हळूच शेजारच्या स्टुलावर ठेवून ती उठली, आणि दुकानाचं काचेचं दार, जराही आवाज होऊ न देता, आधी लावून आली.